साडेपाचशे वॅट

भिशी माझ्या नावावर निघाली त्या दिवशी
अकरावीच्या गाइडचं बत्तिसावं पान
तिसऱ्यांदा गोठलं होतं.
पांढरा पडदा, त्यावर फिरणारं एक कडं,
आणि बिटको पॉइंटमागच्या सात बाय नऊच्या गाळ्यात
स्वेटरच्या बाह्यांत बोटं ओढून बसलेली मी.
बाहेर निफाडकडून येणारा गार वारा.
आत पंख्याची घरघर,
माझ्या नव्हे, त्याच्या.

यादी केली पाठकोऱ्या पत्रिकेवर.
निकुंभांच्या दीडशे पत्रिका वाया गेल्या होत्या
'गोरज मुहूर्त'चा 'गोरस मुहूर्त' झाला म्हणून.
पुढे चि. सौ. कां., गणपती, वेलबुट्टी;
मागे प्रोसेसर, बोर्ड, रॅम.
म्हणजे नव्या सुनेपायी
घरातलं काय काय बदलावं लागेल
त्याचा हिशेब.

निमिष म्हणाला, ग्राफिक्स कार्ड.
त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं.
चौदा हजार.
अरे, मला जोडाक्षरं फुटायला नकोत
आणि तुला गाड्या उडायला हव्यात,
एका डब्यात दोघांचं बसवू कसं?
तो नखाने टेबलाचा सनमायका उचकटत राहिला.

कॅनडा कॉर्नरला, जिना चढून, खैरनारांचं दुकान.
त्यांनी कॅबिनेटचं झाकण काढलं नि हसायलाच लागले.
शेजारच्या गिरणीने दहा वर्षं
चिमूट चिमूट आत सोडलेलं पीठ.
"ताई, दोन भाकरी सहज होतील."

जुनी रॅम तरी चालेल ना?
त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या.
खाच सरकलेली, जेमतेम तांदळाच्या दाण्याइतकी.
मला कळलं. कुणी समजवायला नको.
जुन्या फॉन्टातली फाइल नव्यात उघडली
की 'श्री'चा चौकोन होतो,
तितकंच अंतर.

मग एकेक आकडा.
प्रोसेसर साडेआठ, बोर्ड सहा,
रॅम सोळा जीबीची, बत्तीसशे.
आठ घेतली तर?
"तर पुढच्या दिवाळीत परत जिना चढाल."
एसएसडी अठ्ठावीसशे. मॉनिटर तोच,
उजव्या कोपऱ्यातल्या हिरव्या रेघेसकट.
कॅबिनेटही तेच, पीठ वगळून.

"पॉवर सप्लायमध्ये मात्र वाचवू नका,"
खैरनार पहिल्यांदाच हसायचे थांबले.
"बाकीचं स्वस्त घेतलं तर काम हळू होतं.
हा स्वस्तातला जाताना एकटा जात नाही."
माझ्या दारातून एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात,
तरी वीज जाते, आणि येते ती
लाथ मारल्यासारखी.
मी मान हलवली. साडेचारशे वॅट, सव्वीसशे.

बेरीज तेवीस हजार शंभर.
भिशी पंचवीस.
कुणी काही बोललं नाही.
काउंटरला दोऱ्याने बांधलेलं पेन होतं,
निमिषने ते ओढलं
आणि कार्डावर काट मारली.
दोरा पुरेना, म्हणून रेघ तिरकी गेली,
पत्रिकेच्या कडेवरून खाली उतरली.

मग विचारलं, माझ्याकडे न बघता,
"साडेपाचशेचा घेतला तर?"
बाराशे जास्त.
"आत्ता गरज नाही रे तेवढ्याची," खैरनार म्हणाले.
"आत्ता नाही," तो म्हणाला.

उरले सातशे.
त्यातून रिक्षा, आणि दोन मिसळी, एक जादा पाव.

बत्तिसावं पान आता क्लिकसरशी उघडतं.
इतकं चटकन, की अडलेल्या पानापाशी
दाराबाहेर बघायचे ते चार क्षण
कुठे खर्चायचे, कळत नाही.
काल कॅबिनेट पुसताना आत पाहिलं:
सगळ्या वायरी एकत्र आवळलेल्या,
एक जाड काळी तेवढी वेगळी,
तिचं टोक कशालाच जोडलेलं नाही.
पीठ बसू नये म्हणून
त्यावर प्लास्टिकची पिशवी,
आणि पिशवीला माझ्याच टेबलावरचं
लाल रबर, तीन वेढे.
मी झाकण लावलं.
चारही स्क्रू नीट बसवले.