पहिलं अक्षर

बटण दाबा, पण लगेच बोलू नका.
एक श्वास जाऊ द्या.
टेकडीवरचा रिपीटर जागा होतो, माझ्या शेडमधला डबा
आवाजाचे तुकडे करून केबलीत सोडतो,
तेवढ्यात घाई करणाऱ्याचं पहिलं अक्षर गळतं.
हे मी सगळ्यांना सांगते. आयलर्टलाही सांगितलं होतं.

"वायरीतून गेला तो कसला रेडिओ?" म्हणाला.
"मग टेलिफोन काय वाईट होता?"
साठ वर्षं आवाज आभाळावर आपटून
तो पलीकडे उतरवत आला;
सूर्यावर डाग किती, त्यावर त्याच्या घरी
जेवणाची वेळ ठरायची.
मी गप्प बसले. व्हार्डोत वाद घालायला अख्खा हिवाळा पडलेला असतो.

मग गुडघे गेले, त्यांच्यामागून घर गेलं.
वृद्धाश्रमाच्या छपरावर अँटेना चालत नाही,
नियमात आहे, मांजर पाळू नये याच्या खालच्या ओळीत.
त्याचा बावीस मीटरचा खांब मी आणि माझ्या भावानं उतरवला.
गाडीत बसून तो बोल्ट मोजत होता,
एक कमी भरला तर पुन्हा मोजायला लावला.
मी मुठीएवढा हँडसेट त्याच्या मांडीवर ठेवला.
त्यानं पाहिलंही नाही.

नोव्हेंबरात सूर्य बुडाला तो बुडालाच.
आणि एका संध्याकाळी, खरखरीशिवाय, स्वच्छ:
"...लर्ट बोलतोय."
पुंता आरेनासहून एर्सिलियाबाई म्हणाल्या, "या, लर्ट!"
त्यांच्याकडे दुपारचे दोन, दोरीवर चादरी,
वारा असा की चिमटेसुद्धा उडतात.
दोघांचं इंग्रजी मोडकं,
पण वेगवेगळ्या जागी मोडलेलं,
म्हणून भागायचं.

आता तिकडे तो लर्टच आहे.
मी म्हटलं, बाईंना नीट नाव सांगू का?
"राहू दे. पहिलं अक्षर समुद्राचं."

काल बटण दाबलं गेलं आणि शब्दच नाही.
हीटरची घरघर,
कॉरिडॉरमधून कपांची ढकलगाडी,
मग घोरणं. अंगठा तसाच.
तीन मिनिटं वाट पाहून रिपीटर आपणहून बंद होतो, तसा झाला.
मी खुर्चीतून अर्धी उठले होते, एक बूट पायात.

पलीकडे बाईंनी एक श्वास जाऊ दिला
आणि हळू आवाजात, एकही अक्षर न सांडता, म्हणाल्या:
"झोपलाय. कुणी बोलू नका इतक्यात."