आधी काय बंद करायचं

वाडीच्या नाक्यापलीकडं, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमागं
माझं शेड. पत्र्याचं.
मे महिन्यात इथं पाना उचलायलाही फडकं लागतं.
त्यामुळं कुठल्याही गाडीचा आराखडा काढताना
पहिलं गिऱ्हाईक ऊन, मालक मागाहून.

तुरकरांची ट्रॅव्हलर उभी आहे, सीटा काढलेल्या,
आत बोललं की आवाज घुमतो.
त्यांना तिच्यात घर पाहिजे:
फ्रिज, दोन पंखे, पाण्याचा पंप, मागचा कॅमेरा,
आणि जावयानं सांगितलेलं ते,
मोबाइलवरून सगळं चालू-बंद होणारं.
मी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर
पहिली रेघ मारते.

गाडीची बॅटरी वेगळी, घराची वेगळी.
हे मी सगळ्यांना सांगते, सगळे मान डोलावतात.
घरानं रात्रभर कितीही खाल्लं
तरी सकाळी इंजिन उठलं पाहिजे.
निघता येणं हे घराच्या हिशोबात धरायचं नसतं.
मी एकोणीस वर्षं धरलं होतं. ते असो.

मधे चार्जर, एकाच दिशेनं देणारा.
छपरावर सोलर, पण छपराला चिकटून नाही,
चार बोटं वर, खालून वारा जाईल असं.
लिथियम पलंगाखाली, चाकाच्या कमानीपासून दूर;
पंचेचाळीसच्या पुढं तिलाही चक्कर येते.
फ्यूज बॅटरीच्या उशाशी, वितीच्या आत.
आग टोकाला लागत नाही, वाटेत लागते.

"मॅडम, इतकी जाड काहून?" नौशाद वायर कापता कापता.
बारक्या वायरीत करंट तापतो, म्हणून, बाप्पा.

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम चहा आल्यावर काढते.
बॅटरी तीसवर आली की आधी काय बंद करायचं?
वीसवर काय? दहावर?
पहिले पंप, तुरकर म्हणाले. मग कॅमेरा.
फ्रिज शेवटी. दही नासते.
हेमलताबाई बशीतला चहा फुंकत होत्या.
"मोबाइलनं ऐकलं नाही तं लाइट लागंल का?"
कुठला?
"कोणताबी. दारावरचा."

तुरकर उठून बाहेर गेले, फोन आल्यासारखे.
फोन वाजला नव्हता.

"एकतीस वर्षं खाणीत होते हे, सावनेरकडं.
रात्री जाग आली न् पुरा अंधार असला
तं याईले समजत नाही आपण वर आहो का खाली.
डोक्यावर हात फिरवत राह्यतात,
टोपीचा दिवा शोधत.
घरी मी झिरोचा बल्ब चालूच ठेवतो."

मी रबर घेतलं.
कटऑफच्या आधी, कंट्रोलरच्या आधी,
थेट बॅटरीवरून एक बारीक रेघ,
तिचा तिचा फ्यूज, साधा खटक्याचा स्विच.
पुस्तकाप्रमाणं चूक आहे हे.
काहीच पहाऱ्याबाहेर ठेवू नये, असं मीच पोरांना शिकवते.
म्हणून हिशोब केला: दीड वॅटचा दिवा, रात्रीचे दहा तास,
बाकी सगळं निजल्यावर उरलेले दहा टक्के.
सोळा रात्री.
सतराव्या रात्रीचं मी नाही सांगू शकत.

तुरकर आत आले. काय ठरलं?
फ्रिज शेवटून दुसरा, मी म्हटलं.
त्यांनी कागद बघितला. ती रेघ बघितली.
बोट सरकवत दारावरून पलंगाच्या उशाशी नेलं,
"इथं घ्या,"
आणि दह्याविषयी बोलायला लागले.

संध्याकाळी पत्रा कडकड वाजत निवत होता.
नौशाद वायरींना नंबर चिकटवत होता, एक ते सव्वीस.
सत्ताविसावी हातात धरून थांबला.
हिच्यावर काय लिहू?
नकाशात तिला नाव नव्हतं.
लिही काहीतरी, मी म्हटलं, पुसता येईल असं लिहू नको.
त्यानं मार्करचं टोपण दातांनी काढलं
आणि लिहिलं: वर.