आवाज न करणारा कूलर

जानेवारीत, सगळं नागपूर शेकोटीला टेकलेलं असताना
शांतिनगरच्या पत्र्याच्या शेडमध्ये
मी कूलर बनवत होते.

"थंडीत कूलर?" मोरेश्वरमामांनी
रुमाल झटकून स्टुलावर अंथरला, मग बसले.
"अन् तेही एसीच्या जमान्यात? पोरी, तुले झालं तरी काय?"
त्यांनी तीन दुकानं बुडताना पाहिली होती,
त्यातली दोन त्यांचीच.
म्हणून मी उलट बोलले नाही. चहा दिला.

इथे कूलर म्हणजे घरात शिरलेली मालगाडी.
खिडकीत बसवला की माणसं दोन महिने ओरडूनच बोलतात,
भाजी काय करू, हेसुद्धा भांडल्यासारखं.
बाबा गांधीबागेत मोटारी भरायचे,
तांब्याची तार, वेढ्यावर वेढा,
आणि भरलेली मोटार कानाशी धरून बघायचे.
शेवटी शेवटी त्यांना दारावरची कडीही ऐकू येईना.
मला एवढंच हवं होतं:
वारा यावा, आणि कळू नये कुठून.

सीताबर्डीच्या बँकेतले साहेब म्हणाले,
"रिपोर्ट छान आहे,"
आणि तो पालथा घालून त्यावर कप ठेवला.
त्यांच्या डोक्यावर पंखा टक् टक् करत होता.
बेअरिंग गेलंय, मी म्हणाले.
ते म्हणाले, तारण काय देणार?

"सोनं मोडून पोट्टी पंखे जोडून रायली,"
हेडाऊ काकूंनी गल्लीभर सांगितलं.
खोटं नव्हतं ते.
पाटल्या गेल्या, पाती तोलायचं यंत्र आलं,
जुनं, एका कोपऱ्यात चेपलेलं.

पहिले अकरा. चार विकले गेले. दोन परत आले.
एकाची टाकी झिरपत होती.
दुसऱ्याचं कारण
घेणाऱ्याच्या मेहुण्याने शोधून दिलं होतं.

तान्ह्या पोळ्याला मारबत निघाली.
गर्दीत मीही गळा ताणून ओरडले,
खोकला, ढेकूण घेऊन जा गे मारबत,
हेडाऊ काकूंची जीभ घेऊन जा गे मारबत,
पालथा रिपोर्ट, ओला कप घेऊन जा!
मग माझी शंका आठवली. तोंड उघडलं,
आणि मिटलं.
तिला नेऊ नको.
रात्री दोनला तीच उठवते, म्हणते,
तिसऱ्या पात्याचा स्क्रू पुन्हा बघ.
बाकीच्यांच्या ने सगळ्या. माझी राहू दे.

दुसरं वर्ष. नवतपा. डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
गड्डीगोदामातून फोन:
"तुमचा कूलर सुरूच नाही होत."
तोंडाला दुपट्टा, पर्समध्ये कांदा,
स्कूटीची सीट तव्यासारखी,
आणि रस्ताभर मामा मागे बसलेले,
नसूनही.

दार उघडलं एस्तेरबाई सोनटक्क्यांनी,
मेयोतल्या नर्स, रात्रपाळीचे लाल डोळे.
"बटण दाबलं, काहीच नाही.
म्हणून तेव्हापासून इथे बाहेरच बसून आहे."

आतल्या खोलीत वाळ्याचा ओला वास होता.
मी त्यांचा हात धरला
आणि ताटीसमोर नेला.
बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "अगंबाई."
पलंगावर टेकल्या,
आणि मला पाणीसुद्धा न विचारता
झोपून गेल्या.

दार ओढून घेताना मी कडी उचलून धरली,
वाजू नये म्हणून.

मामांना सांगितलं. ते विचारात पडले.
"आवाजच नाही, त शेजाऱ्यांले समजन कसं
का कूलर घेतला मनून?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही.
पतसंस्थेचा हप्ता पाच तारखेला आहे,
वायसर संपलेत,
बत्तीस सांगाडे भिंतीला टेकून उभे.
मी दिवा मालवला आहे
आणि कान लावून बसले आहे
तिसऱ्या पात्याला.