गुरुवारची गाडी

दर गुरुवारी केपच्या या द्राक्षमळ्यात
फाटकाशी आमची दवाखान्याची गाडी थांबते.
फॉर्मवरचा अकरावा प्रश्न: दारू घेता का?
हो, नाही. दोन चौकोन, तांदळाएवढे.

कात्रिना फेब्रुआरी, पाचवा महिना.
आडनाव कुठल्याशा पूर्वजाचं,
ज्या महिन्यात विकत घेतला त्या महिन्याचं.
ती चौकोनांकडे बघत नाही.
म्हणते, आजोबांना मजुरीत वाइन मिळायची,
दिवसाला पाच वेळा, टिनाच्या डब्यातून,
पहिला डबा उजाडायच्या आत.
आता तसं नाही, सिस्टर. कायदा आहे.
आता शुक्रवारी पगार, आणि शुक्रवारीच
फाटकाबाहेरचं दुकान उधारीची वही उघडतं.

मी माझं ठरलेलं बोलते:
एक घोटसुद्धा नको, नाळेतून थेट बाळाला जातो.
ती मान डोलावते. शेजारी तिचा थोरला, रोमानो,
सात वर्षांचा. वरचा ओठ रेघेसारखा,
नाकाखालची पन्हळ
कुणी अंगठ्याने पुसून टाकावी तशी सपाट.
बूट उलटे घातलेत. ती वाकून बदलते,
पोट सांभाळत, न रागावता,
आज कितव्यांदा कोण जाणे.

"याच्या वेळी," ती नाडीशीच बोलते,
"याच्या वेळी गाडी येत नव्हती."

पेन माझ्या हातातच. मळ्यात कातऱ्यांचा आवाज.
रोमानो वजनकाट्यावर चढतो,
काटा हलला की हसतो, उतरतो,
पुन्हा चढतो.

"पुढच्या गुरुवारी ये," मी म्हणते.
"शुक्रवारी याल का?" ती विचारते.
"संध्याकाळी?"