पाव पैसा

आमच्या निपाणीत सहा महिन्यांत दोनदा हिशेब बदलला.
रात्री मुंबई राज्यात झोपलो,
सकाळी उठलो ते म्हैसूर राज्यात;
अंथरूण तेच, ढेकूण तेच.
मग एप्रिलात आण्याचे नवे पैसे झाले.

मगदूम शेठच्या वखारीत अण्णा दिवाणजी.
त्यांनी खळ लावून भिंतीला सरकारी तक्ता चिकटवला:
एक आणा, सहा नवे पैसे.
दोन आणे, बारा.
तीन आणे, एकोणीस.
चार आणे, पंचवीस.
मी तिसरीत, पावकी-निमकी तोंडपाठ.
म्हटलं, पंचविसाचा चौथा हिस्सा सव्वासहा.
अण्णा म्हणाले, पाव सोडायचा असतो.
कुणी सोडायचा, ते म्हणाले नाहीत.
घरात तेव्हा मोठी माणसं रेघेबद्दल बोलत,
कुठलं गाव अलीकडं, कुठलं पलीकडं;
मला वाटे, तिथंही भिंतीला असाच तक्ता असेल.

बाळव्वा अक्कोळहून चालत यायची.
बुट्टीभर पानांच्या शिरा काढल्या की आणा,
आणि पदराच्या गाठीत एक काडी.
अण्णा बुट्टीगणिक वहीत सहा मांडत.
शनिवारी तिनं सोळा काड्या फरशीवर ठेवल्या,
अण्णांनी शहाण्णव पैसे.
तिनं मोजले. परत मोजले.
"सोळा आणे म्हंजे रुपाया की, दिवाणजी?"
"होय."
"आनि रुपाया आता शंभराचा?"
"होय."
खाटानं तिचे डोळे कायमच लाल,
त्यामुळं रागावली का ते कळेना.
पुटपुटली, "नन् काल पैसा यल्लि?"

मी मराठीच ऐकलं: माझा कालचा पैसा कुठाय.
कालचाच तर होता तो.
पुढं कळलं, कानडीत काल म्हणजे पाव,
आणि काल म्हणजे पायसुद्धा;
चारही असतील तर जनावर उभं राहतं.

अण्णांचा हात कोटाच्या खिशाकडं गेला.
बाळव्वाच्या मागं चाळीस बाया होत्या,
खोकत, काड्या मुठीत धरून.
चाळीस चोक एकशे साठ.
हात खिशातच राहिला.

सोमवारी ती लवकर आली.
"चार झाल्याबिगर लिहू नका.
एकेक लिहिता म्हनून तुटतंय बघा."
त्या दिवसापासून बुट्ट्या चारचारच्या लागल्या,
वहीत पंचवीस, पंचवीस, पंचवीस.
शनिवारी उरलेल्या एक-दोन बुट्ट्यांवर
बाया खडूनं आपापली खूण करत
आणि तशाच सोमवारसाठी ठेवत.
शेठ म्हणाले, हे कुणाचं डोकं?
अण्णा मान वर न करता म्हणाले,
तक्त्यातच आहे, शेठ. चौथी ओळ.

आता नात बेळगावहून येते,
फोनवर शेअरचे भाव बघत बसते.
तीनशे चौऱ्याहत्तर पॉइंट आठ पाच, आजोबा.
म्हणजे पावणेचारशेला पंधरा पैसे कमी, मी म्हणतो.
ती विचारते, पावणेचारशे म्हणजे नक्की किती?
सांगतो. मग औट सांगतो, साडेतीन,
की माणूस स्वतःच्या हातानं मोजला तर औट हात भरतो,
बुटका असो, उंच असो.
ती कोपरापासून बोटांपर्यंत हात धरून
दाराच्या चौकटीशी स्वतःला मोजू लागते.
टेपनं एक पॉइंट सहा दोन, ती म्हणते,
तुमच्या हातानं वेगळीच येईन ना मी?
येशील.

अण्णांची वही माझ्याकडं आहे.
कसर लागलीय, वास मात्र गेला नाही.
त्या शनिवारच्या पानावर, समासात, बारीक अक्षरात:
बाळव्वा, अक्कोळ. देणे चार.
बाकी सगळ्या हिशेबांखाली दुहेरी रेघ आहे.
याच्याखाली नाही.