झील

मी अडकू भोयर. झील धरनारा.
एकेचाळीस वर्षं शाहीर फागो उरकुडेच्या डाव्या खांद्यामांगं उभा राहून
त्याच्या ओळीचं शेपूट धरलं.
तो म्हने, 'कुलूप लावून गेला राजा, किल्ली कोनापाशी?'
मी म्हनो, 'कोनापाशी... कोनापाशी... जी जी.'
एवढंच माझं गानं.

दिवसा तो इतवारीत हमाल.
पाठीवर तुरीचं पोतं, अन् दमाच्या ठेक्यावर ओळ,
फळीवरून ट्रकात चढता चढता अर्धी,
उतरता उतरता बाकीची.
त्याले लिहिता येत नव्हतं.
मी मुनीमाकडून रद्दीतल्या बिल्ट्या मागून आनो,
पाठकोऱ्या बाजूवर उतरून घेवो.
म्हनून त्याच्या सगळ्या गान्याइच्या मांगं
हरभऱ्याचा भाव हाय.

दिवाळी सरली का मंडई.
कुही, मांढळ, वेलतूर,
आधी बैलबंडी, मंग मेटाडोर.
रात्री दहाले ढोलकी कसली तं
पहाटे दूधवाले सायकली टेकवून आमचा शेवट ऐकत.
बाया त्याच्याकडे पाहत.
नाच्या पोरगा त्याच्याकडे पाहे.
गॅसबत्तीचा किडाही त्याच्याच फेट्यावर जाऊन बसे.
मी खर्रा एका गालात सरकवून
'कोनापाशी' म्हनो.

सत्त्याऐंशी साली सीताबर्डीत, मोदी नंबर तीनमधे,
जिन्याखाली कॅसेटी भरनारा एक मानूस भेटला.
भिंतीले अंड्याचे ट्रे ठोकले होते, आवाज फिरू नये म्हनून.
फागो एका बैठकीत आठ गानी गायला
अन् घामानं निथळत खाली तर्री-पोहे खायले गेला.
मानसानं पेनाचं टोपन काढलं.
'गीतकार?'

मले ठाऊक होतं काय सांगाचं.
पन त्या दिवशी त्यानं मले माइकपासून दोन हात मांगं सरकवलं होतं,
मंग अजून दोन,
मंग दाराबाहेर.
म्हने, काका, तुमचा आवाज टोचते.
मी म्हनलं, 'जुनंच हाय. बापजाद्याइचं.'
त्यानं लिहिलं: पारंपरिक.
तीनशे रुपये दिले.
दीडशे फागोच्या हातात ठेवले, दीडशे मी घेतले,
इमानानं.

मंग ते गानं सुटलं.
मोरभवनच्या एसटीत, लग्नाच्या बँडवर.
एका वर्षी बडग्या नाचवनारी पोरं
तेच गानं डीजेवर लावून फागोच्या अंगावर आली,
त्यालेच म्हने, 'बाजूले सरक ना, बुढ्या.'
तो हसला.
'अडक्या, पाह्य, सगळ्याइले येते!'
कॅसेटचं कव्हर त्यानं कधी वाचलं नाही.
सांगतलं ना, त्याले वाचता येत नव्हतं.
घरी देवाच्या फोटोजवळ ठेवलं होतं ते,
उदबत्ती दाखवे.

मागच्या आखाडात गळा बसला तो उठलाच नाही.
मेडिकलमधे भोक पाडून नळी टाकली.
नातीनं मानधनाचा फारम आनला, पलंगावर पसरला.
पुरावा जोडा: बातमी, फोटो, कॅसेट.
तिनं कव्हर हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.
'आजोबा, यात तं तुमचं नावच नाही.'

फागोनं माझ्याकडे पाहिलं.
ओठ हलले. नळीतून हवा आली.
मले वाटलं, कुलूप लावून गेला म्हनते.
पानीही मागत असन.
एकेचाळीस वर्षं त्याची ओळ मले तोंडावरून समजे,
त्या दिवशी समजली नाही.
तरी माझ्या गळ्यात सवयीनं 'कोना' पर्यंत आलं
अन् मी खोकलो.

पेटी माझ्या घरी हाय, खाटेखाली.
तिले कुलूप नाही. कधीच नव्हतं.
परवा उघडली. झुरळं पळाली.
तूर, हरभरा, लाखोरी, वजन, तारीख,
अन् मांगच्या अंगाले आठही गानी,
वर अजून साठ-सत्तर, कोनी न ऐकलेली.
सगळं अक्षर माझं.
कोन्या कारकुनाले काय सांगू,
हात माझा, तोंड त्याचं?

नातीले म्हनलं, उद्या घेऊन येतो.
तिचे तीन फोन येऊन गेले.
फारमाची शेवटची तारीख एकतीस.
आज अठ्ठावीस.