लोड लावून मोज

पहिला मॉड्यूल मी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मारला.
सप्लाय आधी चालू केला, वायर मग टेकवली.
एवढंच.
कपॅसिटरमध्ये साठलेलं सगळं
एका टिचकीत आत गेलं.
त्यानंतर तो करंट घेत राहिला बिनतक्रार
पण हिरवं काही देईना,
मस्टरवर सही करून घरी जाणाऱ्या माणसासारखा.

दुसरा स्क्रू ड्रायव्हरने.
प्रीसेट केसभर फिरवला, तेज वाढलं.
अजून केसभर. स्वयंपाकघराची भिंत, डबे, कुकर
सगळं हिरवंगार.
तिसऱ्या केसाला गेला.
बोरस्तेमामा म्हणाले, उतरणीच्या घडाला पाणी वाढवलं
की मणी असाच तडकतो.
मामांनी सातपूरला एकतीस वर्षं
रिले तपासले. बागेत कधी काम केलं नाही,
पण निफाडचे आहेत.

तिसरा
जानेवारीत, पाथर्डी फाट्याच्या आमच्या गच्चीवर,
पारा सहावर,
सोसायटीची अकरा पोरं कानटोप्या घालून उभी
आणि मला मृगाच्या पोटातला बाण दाखवायचा होता.
बटण दाबलं.
काही नाही.
पुन्हा दाबलं. आणखी काही नाही.
"काकू, तोंडानेच सांगा ना," म्हणाला सार्थक गांगुर्डे, वय नऊ.

मामा मफलर सावरत वर आले, हातात काट्याचा जुना मीटर.
मी म्हटलं, सेल बघितलेत, दोन पॉइंट नऊ आहेत.
"रिकामे मोजलेस.
रिकामं मोजलं तर मेलेला सेलही
जिवंत असल्यासारखं बोलतो.
लोड लावून मोज."

बटण दाबून धरलं, टोकं लावली.
काटा झुकला, झुकत राहिला,
दोन पॉइंट एकवर थांबला.

सेल बदलले. स्प्रिंगवरचा गंज
सार्थकच्या खोडरबराने घासला.
पितळी अंगाला प्लस असतो, म्हणून
पत्र्याला लागू नये असा खाली पुठ्ठा ठेवला.
तरी उजेड आला तो काजव्याएवढा.
मामांनी मॉड्यूल उचलला, स्वेटरच्या आत
काखेत धरला
आणि थर्मामीटर लावल्यासारखे गप्प उभे राहिले.

तेवढ्या वेळात त्यांनी पोरांना सांगितलं की
ह्याच्या आत हिरवं काहीच नाही.
एक डायोड आहे, त्याचा उजेड दिसत नाही.
तो एका खड्यात जातो, तिथून निघतो तोही दिसत नाही.
मग दुसऱ्या खड्यात
न दिसणारे दोन-दोन मिळून
एकेक हिरवा होतो.
थंडीत त्यांचं जुळत नाही, ऊब लागते.
आणि चष्मा घातला म्हणून आत डोकावू नका,
तो हिरवं अडवतो,
न दिसणारं त्यातूनही येतं.

मग बटण.

गच्चीवरून निघालेली रेघ
पाण्याच्या टाकीवरून, विजेच्या तारांवरून
सरळ बाणाच्या मधल्या ताऱ्यापाशी.
कुणी बोललं नाही.
रेघ कुठे संपते, हे सार्थकने विचारलं,
मला सांगता आलं नाही.
ओझरच्या बाजूला मात्र नेऊ नकोस, विमानं असतात,
मामा दोनदा म्हणाले.

पोरं पांगली.
मामी पुण्याला लेकाकडे गेल्याला आता दुसरं वर्ष,
येते म्हणतात, येत नाहीत.
जिन्याशी मी विचारलं, बाकी कसं काय, मामा?
"दोन पॉइंट नऊ," म्हणाले,
हसले,
कठडा धरून उतरायला लागले.
मी दार न लावता उभी राहिले,
प्रत्येक पायरीला किती उतरतंय
ते ऐकत.

मग आत येऊन सेल काढून ठेवले.
आत राहिले की गळतात.